कौलावर वसलेले पुणे

पुण्याच्या पेठांचा इतिहास सांगायचा म्हटले की यादी सुरू होते. शुक्रवार जिवाजीपंत खासगीवाल्यांनी वसवली, हनुमान पेठ नाना फडणिसांनी, शिवपुरी आनंदराव रास्त्यांनी. १८८५ च्या जिल्हा गॅझेटियरने ही यादी पेठवार छापली आणि तेव्हापासून ती एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत आली. यादी खोटी नाही, पण ती एकाच बाजूने लिहिलेली आहे. सरदाराने मनात आणले म्हणून पेठ वसत नाही. वाण्याने, शिंप्याने, साळ्याने आपली चालती बाजारपेठ, तिथली उधारी-उसनवारी आणि नात्यागोत्याची माणसे सोडून मुठेकाठच्या माळावर दुकान का थाटावे? त्याला काहीतरी द्यावे लागते. काय दिले, किती वर्षांसाठी दिले आणि बदल्यात काय मागितले, हे सांगणारा कागद म्हणजे कौल.

कौलाची रीत सगळीकडे साधारण एकच. नव्या पेठेत येणाऱ्या उदम्याला ठरावीक वर्षे मोहतर्फा, म्हणजे धंद्यावरचा कर, माफ. मुदत संपली की एकदम पुरी आकारणी नाही. वर्षागणिक चढत जाणारा इस्तावा. घरासाठी जागा. वेठबिगारीतून सूट. उदमी गोळा करून आणण्याची जबाबदारी शेट्याची आणि बाजाराचा हिशेब, मापे, भाव पाहण्याचे काम महाजनाचे. दोघांना त्याबद्दल वतन. त्यात दर दुकानामागे सुपारी, तेल्याकडून तेल, तांबोळ्याकडून पाने असले बारीकसारीक हक्क. बारीक खरे, पण पिढ्यान्‌पिढ्या चालणारे. म्हणून शेटे-महाजनांच्या वतनाची भांडणे दीर्घकाळ चालली आणि त्या भांडणांतच आज आपल्याला उपयोगी पडणारे बहुतेक कागद तयार झाले. कौल एकदा मिळाला की घडी घालून पेटीत जातो. तो पुन्हा बाहेर निघतो, त्याची नक्कल होते, साक्षी होतात, ते कोणीतरी हक्कावर हात टाकल्यावर. गुण्यागोविंदाने नांदलेल्या पेठेबद्दल आपल्याला फार कमी कळते, हा या साधनांचा पहिला विचित्रपणा.

पेशव्यांच्या आधी इथे गाव नव्हते असे मात्र नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या तळेगाव ताम्रपटात, शके ६९० म्हणजे इ.स. ७६८ मध्ये, पूनक विषयाचा उल्लेख आहे. त्यानंतरची कित्येक शतके कागद विरळ आहेत. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने गाव उजाड करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, ही कथा सहा कलमी शकावलीतली. जिजाबाई आणि दादोजी कोंडदेव यांनी कसबा पुन्हा नांदता केला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. औरंगजेबाची छावणी १७०३ मध्ये इथे पडली. तेव्हा त्याचा नातू वारला आणि त्याच्या नावाने एका पेठेला मुहियाबाद म्हणू लागले. हीच पुढची बुधवार पेठ. सोमवारचे शहापूर, रविवारचे मलकापूर, मंगळवारचे अष्टापूर, शनिवारचे मुर्तुजाबाद, ही जुनी नावे पाहिली की एवढे नक्की दिसते की पेशवे आले तेव्हा त्यांना कोरी पाटी मिळाली नव्हती. त्यांनी जुन्या पुऱ्यांना वारांची नावे दिली आणि मधल्या मोकळ्या जागा कौलाने भरल्या.

१० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली आणि खर्च १६,११० रुपये आला. हे आकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते दोनच वर्षांनी, १७३४ च्या सुमारास, शुक्रवार पेठेची वसाहत सुरू होणे. राजवाडा आला की त्याला धान्य, कापड, घोड्याचे सामान, दागिने, सराफी, सगळेच लागते. वाड्यातला खर्च आणि पेठेतला उदीम यांची सांगड पहिल्यापासूनची आहे. पुण्यात त्या काळी निर्यात होण्याजोगा माल फारसा तयार होत नव्हता. दरबार, शिबंदी, श्रावणमासाची दक्षिणा आणि स्वाऱ्यांतून येणारा पैसा यांवर शहर जगत होते. मोहीम यशस्वी झाली की सोनाराच्या भट्टीत आच वाढे.

पेशवे दफ्तरातून हे उलगडायचे तर दफ्तराची प्रकृती माहीत हवी. कापडात बांधलेले रुमाल, मोडी लिपी, आणि मांडणी कारभाऱ्यांच्या सोयीची: रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, जमाव. रोजकीर्दीत त्या दिवशी खजिन्यात आले-गेले ते आणि निघालेले हुकूम एकापाठोपाठ येतात. हत्तीचा चारा, देवाचा नैवेद्य, एखाद्या बाईचा दंड आणि किल्ल्याची दारू एकाच पानावर. गणेश चिमणाजी वाड यांनी या रोजकीर्दींतले निवडक उतारे काढले. ते विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले. त्यांवर न्यायमूर्ती रानड्यांनी लिहिलेली प्रस्तावना आजही वाचनीय आहे. पुढे गो. स. सरदेसायांनी १९३० नंतर पेशवे दफ्तराचे ४५ खंड काढले, पण त्यांचा कल राजकारणाकडे. शहराचा माग काढणाऱ्याला वाडांचे उतारे जास्त कामाचे.

मधली एक मोठी फट लक्षात घ्यावी लागते. मे १७६३ मध्ये पेशव्यांचे सैन्य दूर निजामाच्या मुलखात असताना निजाम अलीच्या फौजा पुण्यावर आल्या. लोक गडांच्या आश्रयाला पळाले, शहर लुटले गेले, घरे जळाली. ग्रँट डफ लिहितो की सिंहगडाखालचे गाव जाळले गेले तेव्हा मराठी राज्याचे पुष्कळ कागदही त्यात नष्ट झाले. सुरक्षित राहावेत म्हणून हलवलेले कागद हलवल्यामुळेच गेले. म्हणजे १७६३ नंतरचे पुणे आपल्याला ठसठशीत दिसते आणि त्याआधीचे अंधूक, यात निम्मा वाटा आगीचा आहे. शहराची खरी वाढ थोरल्या माधवरावांच्या काळात झाली असे विधान केले जाते, ते करताना हे वजा धरले पाहिजे. सदाशिव आणि नारायण या पेठा त्याच सुमाराच्या, हे खरे. पण आधीच्या वाढीचा पुरावा जळून गेला म्हणून ती वाढ झालीच नाही असे होत नाही.

यानंतरचा सर्वांत बोलका कागद कोतवालीचा. घाशीराम सावळदास १७७७ पासून १७९१ पर्यंत पुण्याचा कोतवाल होता. १८६३ मध्ये मोरोबा कान्होबांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले, १९७२ मध्ये तेंडुलकरांचे नाटक आले आणि आता घाशीराम म्हटले की ऑगस्ट १७९१ मध्ये कोंडून गुदमरून मेलेले तेलंगी ब्राह्मण आणि संतप्त जमावाने दगडांनी ठेचलेला कोतवाल एवढेच डोळ्यांपुढे येते. त्याच्या कामाचा पसारा मात्र फार मोठा होता. पेठांतले तंटे तोडणे, बाजारभाव ठरवणे, सरकारी कामाला मजूर पुरवणे, घराजागांच्या खरेदी-विक्रीवर नजर ठेवणे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या परक्यांची नोंद ठेवणे, रात्री तोफ झाल्यावर रस्ते मोकळे करणे. आजच्या भाषेत पोलीस, महापालिका, दुय्यम निबंधक आणि वजनमापे खाते यांचा कारभार एकाच चावडीत.

कोतवालीच्या जमेची कलमे वाचताना शहर समोर येते. बटछपाई म्हणजे वजनांवर शिक्का मारण्याची फी. जुगाराच्या अड्ड्यांवरची वसुली. बेवारशी माल. शिंदळकीचा दंड. आणि पाटदाम, म्हणजे विधवेने पाट लावला की भरायची रक्कम. या शेवटच्या कलमाकडे जरा थांबून पाहण्याजोगे आहे. ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत पाट नाही, तेव्हा तिथे पाटदामही नाही. ज्या जातींत तो रूढ होता, त्यांच्याच बायका या नोंदीत येतात. एका समाजातली विधवा कोतवालाच्या वहीत पाटाची रक्कम भरणारी म्हणून उमटते. दुसऱ्या समाजातली उमटली तर बदअमलाच्या दंडात. वही एकच, पण तिच्यात शिरण्याची दारे जातीनुसार वेगळी. कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी त्याहून कोरड्या. नाव असते, किंमत असते, कोणाकडे दिली ते असते. ती कुठून आली हे क्वचित आणि तिला काय वाटले हे अर्थातच नाही.

या नोंदींवरून पेशवाईतले पुणे फार अनीतिमान होते असा निष्कर्ष काढणारे आणि त्याच नोंदींवरून कारभार किती कडक होता असे सांगणारे, दोन्ही पंथ आपल्याकडे आहेत. दोघेही एक गोष्ट विसरतात. दंड हे कोतवालाच्या उत्पन्नाचे साधन होते. ज्याच्याकडून दंड वसूल होणार नाही त्याच्या गुन्ह्याची नोंद होण्याचे कारण नव्हते, आणि ज्याचे वजन वाड्यात होते त्याच्या घरावर कोतवालाचे प्यादे सहसा जात नसत. तेव्हा वहीत दिसतो तो मधला थर: थोडेफार देऊ शकणारा, पण नाही म्हणू न शकणारा. ना. गो. चापेकरांनी खासगी जमाखर्चांवरून ‘पेशवाईच्या सावलीत’ लिहिले, त्याचे मोल इथे कळते. घरच्या वहीत दंड नसतो. भाजी, दूध, बाळंतिणीचा खर्च, चाकराचा पगार असतो.

काही समाजांनी आपला कागद दगडावर लिहून ठेवला. सोमवार पेठेतल्या गोसावीपुऱ्याजवळ, नागझरीच्या काठी, त्रिशुंड गणपतीचे मंदिर आहे. इंदूरजवळच्या धामपूरहून आलेल्या भीमगिरजी गोसाव्याने २६ ऑगस्ट १७५४ रोजी त्याचे काम सुरू केले आणि मूर्तीची स्थापना व्हायला १७७० उजाडले. गाभाऱ्याच्या भिंतीवर तीन शिलालेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फारसी. पेशव्यांच्या राजधानीत, गणपतीच्या देवळात, फारसी लेख. मराठी एकही नाही. यात चमत्कारिक काही नाही; गोसाव्यांचे गिऱ्हाईक आणि मठ उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत पसरलेले होते आणि व्यवहाराची, दरबारी लिखापढीची भाषा तिकडे फारसीच होती. हे गोसावी म्हणजे झोळी घेऊन फिरणारे बैरागी नव्हेत. यात्रेच्या वाटांनी रेशीम, जवाहीर, सोने-चांदी नेणारे आणि पेशव्यांच्या सरदारांना कर्ज देणारे सावकार. गुरूची दौलत चेल्याकडे जाते, मुलांत वाटली जात नाही. त्यामुळे चार पिढ्यांत सावकारी कुटुंबाचे भांडवल विभागून पातळ होते तसे मठाचे होत नसे.

मंदिराचे दर्शनी काम काळ्या पाषाणात आहे. अरुंद दाराच्या दोन्ही अंगांना द्वारपाल, झुंजणारे हत्ती, आणि एका पट्टीत बंदुका घेतलेले शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने बांधताहेत. गेंडा सह्याद्रीत नाही, तो बंगाल-आसामकडचा. प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे बांधकाम चालू असतानाची. गेंडा म्हणजे बंगाल आणि शिपाई म्हणजे इंग्रज, असा अर्थ यावरून लावतात. हे अनुमान आहे, पण पाया असलेले. पुण्यातल्या ज्या समाजाला बंगालची बातमी सर्वांत आधी आणि सर्वांत खात्रीची मिळत असेल तो उत्तरेत हुंड्या चालवणारा गोसावीच. दरबारी पत्रांत जी गोष्ट राजकारण म्हणून येते, ती इथे बाजारातली खबर म्हणून कोरली गेली असावी. खाली तळघरात गुरूची समाधी आहे. देऊळ, मठ आणि पेढी या तिन्ही गोष्टी त्या एका वास्तूत सुखाने नांदल्या.

जातवार वस्तीबद्दल मात्र कागदांपेक्षा गल्ल्यांची नावे जास्त सांगतात. तांबट आळी, बुरूड आळी, भोई आळी, कुंभारवाडा, बोहरी आळी. पूर्वेकडे उदीम आणि कारागिरी, पश्चिमेकडे सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत ब्राह्मण कारकून आणि भिक्षुक, ही विभागणी अठराव्या शतकातच झाली होती. तिला पाण्याचीही बाजू आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ आणला, नंतर नाना फडणिसांनी आणि रास्त्यांनी आपापले नळ काढले. पाणी हौदांत येई आणि हौद कोणाच्या वाड्यात वा कोणत्या चौकात आहे यावर ते कोणी भरायचे हे ठरे. जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो १८६८ मध्ये. कात्रजचे पाणी आले त्याला तोवर शंभरावर वर्षे होऊन गेली होती.

सरकारी हुकमांनी ही जातरेषा किती जपली जात होती, याचा एक पुरावा पुण्याबाहेरचा आहे. मुंबईच्या सोनारांनी ब्राह्मणांप्रमाणे ‘नमस्कार’ म्हणू नये, असा हुकूम ईस्ट इंडिया कंपनीने ऑगस्ट १७७९ मध्ये त्यांच्या मुखियाला कळवला, आणि त्यामागे पुण्याच्या दरबाराचा आग्रह होता. डॉ. आंबेडकरांनी हा कागद आपल्या लेखनात उद्धृत केला आहे. जिथे पेशव्यांचे राज्यच नव्हते त्या बेटावरच्या सोनाराने समोरच्याला काय म्हणावे याची चिंता पुण्याला होती.

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, शहर लुटले गेले, आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. दरबार गेला, शिबंदी गेली, दक्षिणा आटली. कौलावर आलेल्या उदम्याचे गिऱ्हाईकच उठून गेले. काही वाणी आणि कारागीर पूर्वेला उभ्या राहिलेल्या लष्करी छावणीकडे वळले. तिथे पारशी, बोहरी, मद्रासकडचे लोक, बेने इस्रायली आले. डेव्हिड ससूनने बांधवलेले ज्यूंचे लाल देऊळ १८६७ चे. १८८१ च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या ९९,६२२ आणि छावणीची ३०,१२९ भरली. दर चार पुणेकरांतला एक तोवर पेठांच्या बाहेरचा झाला होता, आणि त्याच्यासाठी कोणी कौल दिला नव्हता.

कंपनी सरकारच्या हाती पेशव्यांचे दफ्तर आले ते इतिहासासाठी नव्हे. कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे बनावट हे त्यातून शोधायचे होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दख्खनभर इनामदारांची झोप उडाली. सनद दाखवा, कब्जा सिद्ध करा, वंशावळ मांडा. घराघरांत पेट्या उघडल्या, मोडी वाचणारे कारकून बसवले गेले आणि कैफियती लिहिल्या गेल्या: आमचा मूळ पुरुष अमक्या सालात कोकणातून आला, अमक्या लढाईत कामी आला, त्याबद्दल हे गाव मिळाले. आज पुण्यातल्या कित्येक घराण्यांचे इतिहास या कैफियतींवर उभे आहेत. त्या जमिनी वाचवण्यासाठी लिहिल्या होत्या, हे त्या वाचताना क्षणभरही विसरू नये. मूळ पुरुषाचा पराक्रम कैफियतीत कधी घटत नाही.

बरोबर याच वर्षांत, याच शहरात, वेगळ्याच प्रकारचा एक कागद लिहिला गेला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. नंतर १८५२ मध्ये वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवारात, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाली. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हप्त्यांत छापून आला. ती लिहिते की बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून महार किंवा मांग गेला तर त्याचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करून खेळत. इमारतींच्या पायात आपल्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरल्याचे ती सांगते. आणि महार-मांग वाचू लागले तर दफ्तराचे काम त्यांना देऊन ब्राह्मणांनी काय न्हाव्याची धोकटी बगलेत मारून फिरावे, असा बाजीरावाचा सवाल ती नोंदवते.

या निबंधाचे काय करायचे हा प्रश्न इतिहासकारांनी बराच काळ टाळला. गुलटेकडीवरचा प्रकार दफ्तरातल्या नोंदीने सिद्ध करा, असे म्हणणे सोपे आहे. पण वर पाहिलेच की कोतवालाच्या वहीत शिरायला दंड भरण्याची ऐपत लागे, कौलात शिरायला दुकान लागे, कैफियतीत शिरायला इनाम लागे. मांगवाड्याकडे यातले एकही नव्हते. वेठीला धरलेल्या माणसाची नोंद ‘आसामी’ एवढ्या शब्दात आणि आकड्यात होते. तेव्हा एखाद्या घटनेची तारीख ठरवायला हा निबंध पुरणार नाही. मात्र पेशवाई बुडून सदतीस वर्षे झाल्यावर मांगवाड्यात त्या राज्याबद्दल आजी-आजोबा काय सांगत होते, याचा तो पहिल्या प्रतीचा पुरावा आहे. त्यात दफ्तराचा उल्लेख यावा हेही अर्थपूर्ण आहे. लिहिण्याचे काम कोणाच्या हाती आहे यावर शहरात कोण दिसणार हे ठरते, हे त्या शाळकरी मुलीला नीट कळले होते. इनाम कमिशनपुढे कैफियती दाखल होत होत्या त्याच दिवसांत ती ते लिहीत होती, आणि तिला कोणतेही गाव वाचवायचे नव्हते.